ई-रीडरवरची मराठी अक्षरे फिकी दिसतात तेव्हा

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी वाचायला बसायचे म्हणजे खिडक्यांना जाड पडदे लावून, कूलरच्या घरघरीत, अर्ध्या उजेडात बसायचे. नव्याने ई-रीडर घेतलेल्या परिचितांकडून ‘अक्षरे फिकी दिसतात’ ही तक्रार मला याच दिवसांत सर्वांत जास्त ऐकू येते. तोवर त्यांनी यंत्राचा दिवा पूर्ण वाढवलेला असतो, अक्षरे असतील तेवढी जाड केलेली असतात आणि तरीही समाधान न झाल्यामुळे यंत्रातच दोष आहे असे ठरवूनही टाकलेले असते. यंत्र सदोष निघाल्याचा प्रसंग मात्र मला क्वचितच आला आहे. दोष बहुधा उजेडात, फॉन्टमध्ये किंवा पुस्तकाच्या फाइलीत असतो, आणि या तिघांवरचे उपाय इतके वेगळे आहेत की एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्यास अक्षरे अधिकच बिघडतात.

दुसरी गोष्ट देवनागरीपुरती आहे. इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये ‘अक्षर जाड करा’ हा सल्ला सरसकट दिलेला असतो. आपल्या लिपीत घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका लहानशा खंडावर अवलंबून असतो. जाडी वाढवत नेली की तो खंड बुजतो आणि पान काळेभोर दिसत असूनही वाचताना अडखळायला होते. त्यामुळे या लेखातल्या प्रत्येक पायरीवर आपण दोन गोष्टी पाहणार आहोत: अक्षर पुरेसे काळे दिसते का, आणि त्यातल्या मोकळ्या जागा मोकळ्याच राहिल्या आहेत का.

पडदा कसा चालतो

ई-रीडरचा पडदा ‘ई-इंक’ या प्रकारचा असतो. त्यात असंख्य सूक्ष्म कोश असतात. प्रत्येक कोशात पारदर्शक द्रव असतो आणि त्यात विरुद्ध विद्युत्भाराचे पांढरे व काळे कण तरंगत असतात. पांढऱ्या कणांत टायटॅनियम डायऑक्साइड असते, म्हणजे घराच्या पांढऱ्या रंगात असते तेच द्रव्य. खालच्या थरातून विद्युत्दाब दिला की त्या ठिकाणी काळे किंवा पांढरे कण वर येतात आणि वीज काढून घेतली तरी तेथेच राहतात. मोबाइलच्या पडद्याप्रमाणे हा पडदा स्वतः प्रकाश निर्माण करत नाही, तो फक्त पडलेला उजेड परत पाठवतो. त्याचा पांढरा भागही पडलेल्या उजेडापैकी साधारण ४० ते ४५ टक्केच परत पाठवत असल्यामुळे हा ‘पांढरा’ मुळातच किंचित राखाडी असतो. अक्षरांचा उठाव म्हणजे हा पांढरा आणि तो काळा यांच्यातले प्रमाण होय, आणि त्यातला पांढरा खोलीतल्या उजेडावर अवलंबून आहे हे एकदा ध्यानात घेतले की पुढचे बरेचसे आपोआप कळते.

जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर पडद्याची पिढी जरूर विचारावी. अ‍ॅमेझॉनच्या २००७ मधल्या पहिल्या किंडल ई-रीडरवर राखाडीच्या केवळ ४ छटा होत्या आणि एका इंचात १६७ पिक्सेल होते. २००९ च्या दुसऱ्या किंडलपासून छटा १६ झाल्या, २०१० मध्ये पर्ल आणि २०१३ मध्ये कार्टा या पडद्यांनी उठाव ठळकपणे वाढवला, आणि २०२१ पासून कार्टा १२०० वापरात आला. मराठीसाठी मला पडद्याच्या पिढीइतकाच पिक्सेलांचा आकडा महत्त्वाचा वाटतो. इंचाला ३०० पिक्सेल असतील तर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.०८५ मिलिमीटर येते, १६७ असतील तर ०.१५ मिलिमीटर. ज्या रेषेची जाडी एक पिक्सेलही पूर्ण भरत नाही, ती काळी न उमटता करडी उमटते. जोडाक्षरांतल्या बारीक दुव्यांचे नेमके हेच होते.

आधी निदान

संगणकावर गूगल डॉक्समध्ये एक चाचणीचे पान तयार करून ते ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपात उतरवून घ्यावे आणि ई-रीडरवर घालावे. किंडलवर ईपब फाइल ‘सेंड टू किंडल’ या सोयीने पाठवता येते. या पानावर पुढील शब्द दोन-तीन वेळा लिहावेत: घर धर, घाव धाव, घन धन, भात मात, भरण मरण, उद्धट, द्वंद्व, ब्राह्मण, वाङ्मय. अक्षरांना कोणताही रंग देऊ नये. हे पान यंत्रावर कायम ठेवावे, कारण कोणताही बदल केल्यावर आपल्याला त्याच्याकडेच परत यायचे आहे.

आता तीन तपासण्या कराव्यात. पहिली अशी की यंत्राचा दिवा पूर्ण बंद करून यंत्र खिडकीपाशी किंवा गच्चीवरच्या सावलीत न्यावे. तेथे अक्षरे चांगली दिसली तर फॉन्टला हात लावण्याचे कारण नाही, प्रश्न उजेडाचा आहे. दुसरी अशी की यंत्राच्या मेनूतली अक्षरे आणि पुस्तकातली अक्षरे यांची तुलना करावी. मेनू काळाभोर आणि पुस्तकच फिके असेल तर दोष पुस्तकाच्या फाइलीत किंवा फॉन्टमध्ये आहे. चाचणीचे पान स्वच्छ दिसून एखादेच पुस्तक फिके दिसत असेल तर दोष निःसंशय फाइलीत आहे.

तिसरी तपासणी फारसे कोणी करत नाही, पण मला ती सर्वांत उपयोगी वाटते. फिक्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा. किंडलवर पडद्याच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना एकाच वेळी बोटे टेकवली की तो घेतला जातो. तो संगणकावर उघडून मोठा करून पाहावा. स्क्रीनशॉटमध्ये पडद्याकडे धाडलेले चित्र असते, पडद्यावर प्रत्यक्ष उमटलेले नव्हे. त्यामुळे त्यात अक्षरे काळी असतील तर पडदा, उजेड किंवा वरून लावलेले काहीतरी दोषी आहे, आणि त्यातही ती करडीच असतील तर पडद्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

उजेड

ई-रीडरच्या दिव्याला बॅकलाइट म्हणणे चुकीचे आहे. त्याचे एलईडी पडद्याच्या कडेला असतात आणि वरच्या पारदर्शक थरातून उजेड पसरून पडद्यावर पुढून पडतो. तो पांढऱ्याला उजळतो, तसाच वरच्या थरात विखुरून काळ्यावरही थोडासा पसरतो. अंधाऱ्या खोलीत दिवा सर्वांत जास्त ठेवला की पान झगमगते, पण अक्षरे धुतल्यासारखी दिसतात.

दिवा बेताचा ठेवण्याची एक सोपी रीत आहे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेले असो की कपाटातले जुने असो, एखादे छापील पुस्तक यंत्राशेजारी उघडून ठेवावे आणि पडद्याचा पांढरा त्या कागदाएवढा होईपर्यंतच दिवा वाढवावा. कागदापेक्षा पडदा अधिक उजळ दिसू लागला की दिवा जास्त झाला असे समजावे. मात्र खोली इतकी अंधारी असेल की कागदावरचेही वाचवत नाही, तर यंत्राचा दिवा वाढवण्याआधी डोक्यामागचा एखादा साधा दिवा लावावा. यंत्रात उबदार पिवळसर उजेडाची सोय असल्यास दिवसा ती कमीत कमी ठेवावी, कारण पिवळा वाढला की पांढरा मंदावतो.

डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर कोवळ्या उन्हात बसून वाचणाऱ्यांना यातले काहीच करावे लागत नाही. सूर्यप्रकाशात ई-इंकचा उठाव सर्वोत्तम असतो आणि दिवा बंद ठेवलेलाच बरा. फक्त संत्री सोललेल्या हातांनी पडद्याला स्पर्श करू नये. सालीतल्या तेलाचा थर पडद्यावर बसतो आणि उजेड विखुरतो. चष्म्याचे मऊ कापड किंचित ओलसर करून हळुवार पुसले की तो निघून जातो. कूलरच्या समोर ठेवलेल्या यंत्रावर पाण्याचे बारीक तुषार वाळून क्षारांचे ठिपके पडतात, तेही याच रीतीने काढावेत, कोरड्या कापडाने घासू नयेत.

पडद्यावर लावलेल्या गार्डाबद्दल मी अनुभवाने शहाणा झालो आहे. सीताबर्डीतल्या एका दुकानात मोबाइलला लावतात तसे मॅट गार्ड मी हौसेने बसवून घेतले आणि पुढचे दोन महिने फॉन्ट बदलत बसलो. मॅट गार्डाच्या खरखरीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो आणि काळ्यावर धुक्यासारखा एक थर येतो. गार्ड काढल्या दिवशी सगळे फॉन्ट चांगले दिसू लागले. पडद्याच्या रक्षणासाठी बंद होणारे कव्हर पुरेसे आहे.

मागच्या पानाचा ठसा

पान उलटल्यावर आधीच्या पानाची पुसट सावली राहते, कारण सगळे कण आपल्या जागी पूर्णपणे परतलेले नसतात. दर काही पानांनी पडदा एकदा पूर्ण काळा-पांढरा होऊन स्वच्छ होतो. किंडलच्या सेटिंग्जमध्ये ‘पेज रिफ्रेश’ सुरू केले की हे दर पानाला होते. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या ई-रीडरवर किती पानांनी करायचे ते निवडता येते. बॅटरी किंचित जास्त लागते, पण अक्षरांमागची पाटी स्वच्छ राहते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या बूक्ससारख्या यंत्रांवर वेगवान रिफ्रेशचा प्रकार वाचनासाठी निवडू नये. त्यात राखाडीच्या छटा गाळल्या जातात आणि मराठी अक्षरांच्या कडा दातेरी होतात.

तापमानाचाही येथे संबंध येतो. थंडीत द्रव घट्टसर होऊन कण मंद हलतात, म्हणून यंत्र तापमान मोजून विजेचा क्रम बदलते. नागपुरातल्या २९ डिसेंबर २०१८ सारखी ३.५ अंशांची पहाट असेल तर ठसा थोडा अधिक राहणारच. उन्हाळ्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. किंडलच्या वापरासाठी ० ते ३५ अंश ही मर्यादा दिलेली असते आणि आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. स्कूटरच्या डिकीत तापलेले यंत्र घरी आणल्यावर लगेच सुरू न करता अर्धा तास निवू द्यावे.

फॉन्ट

येथे घाई करू नये. प्रथम आकार वाढवावा, मग ओळींमधले अंतर वाढवावे आणि त्यानंतरच जाडीकडे वळावे. देवनागरीत वेलांट्या, मात्रा व रफार वर आणि उकार खाली येत असल्यामुळे त्याच आकारात अक्षराचा मुख्य भाग रोमन अक्षराहून लहान राहतो. आकार एक-दोन पायऱ्यांनी वाढवला की प्रत्येक रेषेला अधिक पिक्सेल मिळतात आणि करड्या दिसणाऱ्या रेषा जाडी न वाढवताच काळ्या होतात. माझ्या पाहण्यातल्या निम्म्या तक्रारी येथेच मिटल्या आहेत.

तरीही अक्षरे हलकी वाटत असतील तर किंडलवर वाचताना पडद्याच्या वरच्या भागाला स्पर्श करून लहान-मोठ्या ‘ए’ अक्षरांच्या जोडीचे चिन्ह उघडावे आणि त्यातली ‘बोल्ड’ची पट्टी एकेक पायरीने पुढे न्यावी. प्रत्येक पायरीनंतर चाचणीच्या पानावर ‘घाव धाव’ आणि ‘भरण मरण’ पाहावे. ध आणि भ यांच्या शिरोरेषेतला खंड ज्या पायरीवर बुजू लागतो, तिच्या एक पायरी मागे थांबावे. ‘द्वंद्व’ आणि ‘ब्राह्मण’ यांमधली पोटे भरू लागणे ही दुसरी खूण आहे. ही पट्टी मूळ अक्षराच्या कडा कृत्रिमपणे फुगवते, मोकळ्या जागांची पर्वा करत नाही.

यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे मुळातच जाडसर रेखलेला फॉन्ट घालणे. अक्षरकार जेव्हा फॉन्टची जाड आवृत्ती काढतो तेव्हा तो मोकळ्या जागा बुजणार नाहीत याचीही काळजी घेतो. पुढील फॉन्ट मुक्त परवान्याचे असून विनामूल्य मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ सात जाड्यांमध्ये आहे. गूगलचे ‘नोटो सॅन्स देवनागरी’ आणि ‘नोटो सेरिफ देवनागरी’ नऊ जाड्यांमध्ये आहेत. आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ साध्या आणि जाड अशा दोन रूपांत आहे. ‘टिरो देवनागरी मराठी’मध्ये ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची आहेत आणि तो दिसायला फार देखणा आहे, पण बोरूच्या वळणाने जाड-बारीक होणाऱ्या त्याच्या रेषा सहा इंची पडद्यावर लहान आकारात फिक्या पडतात, आणि त्यात जाड आवृत्तीही नाही. मोठा पडदा असेल तरच तो घ्यावा. लहान पडद्यासाठी माझी पसंती ‘मुक्ता’च्या ‘मीडियम’ जाडीला आहे, आणि नजर उतारवयाची असेल तर ‘सेमीबोल्ड’ला.

फॉन्ट घालण्यासाठी यंत्र केबलने संगणकाला जोडावे. किंडलमध्ये इंग्रजीत ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर दिसेल, त्यात टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल टाकावी. कोबोवर तो नसल्यास त्याच नावाचा फोल्डर मुख्य जागेत स्वतः तयार करावा. गूगल फॉन्ट्सवरून घेतलेल्या झिप फाइलीत कधी कधी सगळ्या जाड्या एकाच फाइलीत असलेला ‘व्हेरिएबल’ प्रकारही असतो. तो टाळून ‘स्टॅटिक’ फोल्डरमधली हवी त्या जाडीची स्वतंत्र फाइल घ्यावी. यंत्र केबलपासून सोडवून पुस्तक उघडले की नवा फॉन्ट यादीत दिसतो. विकत घेतलेल्या पुस्तकांनाही असा फॉन्ट लावता येतो, त्यासाठी पुस्तकाच्या फाइलीला हात लावावा लागत नाही.

कोबो किंवा पॉकेटबुक हे ई-रीडर वापरणाऱ्यांनी ‘केओरीडर’ हे विनामूल्य वाचन-सॉफ्टवेअर अवश्य पाहावे. त्यात फॉन्टची जाडी आणि काँट्रास्ट या दोन्हींची वेगवेगळी सेटिंग आहेत आणि जोडाक्षरेही व्यवस्थित जुळतात. किंडलवर ते घालण्यासाठी यंत्राची कुलपे मोडावी लागतात, म्हणून नवख्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

फाइलीतच करडी असलेली अक्षरे

काही ईपब पुस्तके मोबाइल डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात आणि त्यात मजकुराला काळ्याऐवजी गडद राखाडी रंग दिलेला असतो. मोबाइलवर तो सौम्य वाटतो, ई-रीडरवर मात्र विरलेल्या कार्बन कॉपीसारखा दिसतो. विक्रेत्याने नक्कल होऊ नये म्हणून पुस्तक कुलूपबंद केलेले नसेल तर ‘कॅलिबर’ या विनामूल्य सॉफ्टवेअरने हे दुरुस्त होते. पुस्तक त्यात घालून ‘कन्व्हर्ट बुक्स’ निवडावे, डावीकडे ‘लुक अँड फील’ विभागात जावे, तेथे ‘फिल्टर स्टाइल इन्फर्मेशन’ हा टॅब उघडून ‘कलर्स’वर खूण करावी आणि ईपबचे पुन्हा ईपबमध्येच रूपांतर करावे. मूळ रंग निघून जातात आणि यंत्र आपला नेहमीचा काळा रंग वापरते. त्याच टॅबमध्ये ‘फॉन्ट्स’वरही खूण केली तर प्रकाशकाने आत ठेवलेला बारीक फॉन्ट आपल्या निवडीच्या आड येत नाही. मूळ फाइल जपून ठेवावी.

स्कॅन केलेली पीडीएफ

मराठी वाचकाचा खरा संघर्ष येथे आहे, कारण आपले कितीतरी वाचन पीडीएफमध्येच अडकलेले आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात विनामूल्य घेता येतात, जुने ग्रंथ इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेले मिळतात. स्कॅनमध्ये अक्षरे नसतात, अक्षरांचे छायाचित्र असते, म्हणून फॉन्ट बदलण्याचा प्रश्नच येत नाही. पिवळलेला कागद पडद्यावर हलका राखाडी होतो, विटलेली शाई मध्यम राखाडी होते, आणि दोहोंमधले अंतरच नाहीसे होते.

त्यात आकाराचे गणित भर घालते. सहा इंची पडदा जेमतेम ९ सेंटिमीटर रुंद असतो. १४ सेंटिमीटर रुंदीचे डेमी पान त्यात बसवले की अक्षरे ६४ टक्क्यांवर येतात आणि बारीक रेषा करड्या होतात. समास कापले आणि मजकुराची रुंदी १०.५ सेंटिमीटर उरली तर तीच अक्षरे ८६ टक्क्यांवर दिसतात. म्हणून काँट्रास्टला हात लावण्यापूर्वी समास कापावेत किंवा यंत्र आडवे धरून अर्धे-अर्धे पान वाचावे. त्यानंतर पीडीएफ उघडी असताना मिळणारे काँट्रास्टचे सेटिंग गडद बाजूला न्यावे. येथेही घ-धची कसोटी लागू आहेच, कारण गडद करताना कागदावरचे डागही गडद होतात आणि अनुस्वारांची गर्दी झाल्यासारखे वाटते.

एवढ्याने भागले नाही आणि पुस्तक मेहनत घेण्याजोगे असेल, तर दोन साधने आहेत. ‘केटूपीडीएफऑप्ट’ समास कापून, शब्द पुन्हा मांडून आणि काँट्रास्ट वाढवून लहान पडद्याजोगी पीडीएफ करून देते. शिरोरेषेने शब्द एकसंध बांधलेला असल्याने मराठी शब्द मध्येच तुटण्याचा धोका कमी असतो. ‘स्कॅन टेलर’ अधिक कष्टाचे आहे, पण निकाल त्याचाच चांगला. त्यासाठी पीडीएफची पाने आधी चित्रांच्या रूपात वेगळी काढावी लागतात. मग वाकडी पाने सरळ करणे, मजकुराची चौकट ठरवणे असे टप्पे पार करत शेवटच्या ‘आउटपुट’ टप्प्यात ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडावे. तेथे अक्षर बारीक-जाड करणारी एक पट्टी मिळते. दहा पानांवर ती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पाहावी आणि मगच सगळ्या पुस्तकाला लावावी. आउटपुट ६०० डीपीआयवरच (इंचाला ६०० ठिपके) ठेवावे, कमी केल्यास जोडाक्षरे प्रथम बळी पडतात.

संगणकात टंकलेल्या परंतु युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या पीडीएफ हा वेगळाच प्रकार आहे. त्या कॅलिबरमधून ईपब करायला गेल्यास हाती अगम्य चिन्हे येतात. त्या पीडीएफ म्हणूनच वाचाव्यात. त्यांतली अक्षरे मुळात स्पष्ट असल्याने समास कापणे बहुधा पुरते.

आणि स्कॅनवर एक रविवार खर्च करण्याआधी ते पुस्तक मराठी विकिस्रोतावर आहे का हे अवश्य पाहावे. तेथे स्वयंसेवकांनी स्कॅन पाहून मजकूर युनिकोडमध्ये टंकलेला आणि तपासलेला असतो, तो ईपब म्हणून उतरवता येतो, आणि मग ‘मुक्ता’ लावून हव्या त्या आकारात वाचता येतो.

रंगीत पडदा घेण्यापूर्वी

रंगीत ई-इंकच्या कॅलिडो पडद्यात काळ्या-पांढऱ्या पडद्यावरच रंगगाळण्यांचा थर असतो. तो काही उजेड शोषून घेतो, त्यामुळे पांढरा अधिक राखाडी दिसतो आणि दिवा जवळजवळ नेहमीच लावून ठेवावा लागतो. कॅलिडो ३ मध्ये काळा मजकूर इंचाला ३०० पिक्सेलांचा आणि रंग १५० पिक्सेलांचे असतात. मुलांची चित्रमय पुस्तके किंवा नकाशे पाहायचे असतील तर तो जरूर घ्यावा. कथा-कादंबऱ्या आणि मंडळाच्या जुन्या पीडीएफ वाचायच्या असतील तर त्याच पैशांत मोठा काळा-पांढरा पडदा घ्यावा, आणि दुकानात यंत्र हाताळायला मिळाले तर त्यावर ‘घाव धाव’ टंकून पाहावे.